चौकशी आली, उत्तर गेलं का?
वेबसाइटवरील चौकशी अर्जातून आंब्याचे गिऱ्हाईक कसे जोडावे



पूर्वी आपल्या पोस्टात जोडकार्ड मिळायचे. एका कार्डावर आपण मजकूर लिहायचा आणि दुसरे कार्ड कोरे, उत्तरासाठी. ज्याला पत्र मिळेल त्याला तिकिटाचा खर्च नाही, पत्ता लिहिण्याचा त्रास नाही. त्यामुळे उत्तर हमखास यायचे. आज आपण ज्याच्याविषयी बोलणार आहोत तो वेबसाइटवरचा चौकशी अर्ज, म्हणजे लोक ज्याला फॉर्म म्हणतात तो, या जोडकार्डाचाच नातू आहे. गिऱ्हाइकाने चार रकाने भरायचे, बटण दाबायचे आणि त्याची चौकशी आपल्या घरी यायची.

आता तुम्ही म्हणाल, "साहेब, आम्ही बागायतदार. खत, फवारणी, मोहोर याबद्दल सांगा. हे फॉर्मचं काय नवीन काढलंत?" तुमचं म्हणणं बरोबर आहे. पण एक अनुभव सांगतो, मग ठरवा.

आमच्या भागातल्या एका गावात हापूसच्या बागायतदारांनी गट केला. थेट गिऱ्हाइकाला पेटी विकायची, दलालाच्या पट्टीची वाट बघायची नाही, असे ठरले. चांगली वेबसाइट करून घेतली. बागेचे फोटो, आढीचे फोटो, खाली चौकशीचा अर्ज. हंगाम सुरू झाला. मार्च गेला, एप्रिल गेला. चौकशी काही येईना. "लोकांना फोनच बरा वाटतो," असे म्हणत गटाने नेहमीप्रमाणे माल वाशीच्या बाजारात पाठवला. जून महिन्यात, पाऊस सुरू झाल्यावर, गटातल्या एका मुलाने सहज जुनी ई-मेल पेटी उघडली. तर आत चौकशांची रास! कुणाला अक्षय्य तृतीयेला दोन डझन हवे होते, कुणाला मुलीच्या सासरी पेटी पाठवायची होती, एका कार्यालयाला साऱ्या कर्मचाऱ्यांसाठी पेट्या हव्या होत्या. अर्ज व्यवस्थित चालू होता. फक्त त्या चौकशा ज्या ई-मेलवर जात होत्या तो पत्ता वेबसाइट करणाऱ्याने परस्पर काढलेला होता आणि गटात तो कुणीच उघडत नव्हते.

आंबे काही जूनपर्यंत थांबत नाहीत. गिऱ्हाईकही थांबत नाही. गिऱ्हाईक बाजारात नव्हते असे नाही, ते दारात येऊन परत गेले. हे आपल्या बाबतीत होऊ नये म्हणून आजचे हे पत्रक.

फोन असताना अर्ज कशाला?

हापूसचा मुख्य हंगाम मार्च ते मे, म्हणजे जेमतेम अडीच-तीन महिने. त्या काळात बागायतदार कुठे असतो? सकाळी झाडावर, झेला हातात. दुपारी फळांची प्रतवारी. संध्याकाळी पेट्या भरणे आणि गाडी गाठणे. फोन वाजतो तेव्हा हाताला चीक असतो. बरे, कोकणातल्या कित्येक बागांत फोनला रेंजच नसते. शहरातल्या गिऱ्हाइकाला मात्र वेळ मिळतो तो रात्री जेवणानंतर. दोघांच्या वेळा जुळत नाहीत. अर्ज या दोन वेळा जोडून देतो. त्याने रात्री भरला, तुम्ही सकाळी वाचला.

दुसरा फायदा असा की फोनवरची चौकशी विसरते, लिहिलेली राहते. कुणी काय मागितले, किती मागितले, केव्हा मागितले, सारे तारखेसह एका जागी साठते. पुढच्या वर्षी मोहोर धरला की हीच यादी तुमच्या कामाला येते.

अर्ज केवढा असावा?

लहान. रकाने जितके जास्त तितके लोक अर्धवट टाकून जातात. तुम्ही स्वतः बँकेचा चारपानी अर्ज भरताना किती कंटाळता ते आठवा. आंब्याच्या चौकशीला पुढील सहा रकाने पुरेत.

1) नाव.

2) मोबाईल क्रमांक. मोबाईलवर अर्ज भरणाऱ्याला या रकान्यात आपोआप आकड्यांची पाटी दिसावी, असे वेबसाइट करणाऱ्याला सांगा. मात्र "दहा आकडेच चालतील" अशी सक्ती करू नका. परदेशात नोकरीला असलेला मुलगा पुण्यातल्या आईवडिलांना पेटी पाठवावी म्हणून अर्ज भरतो. त्याचा क्रमांक दहा आकड्यांत बसत नाही आणि अर्ज पुढे सरकत नाही. असे गिऱ्हाईक हातचे जाते.

3) पेटी कुठे पोचवायची: गाव आणि पिनकोड. पैसे देणारा एक आणि पेटी घेणारा दुसरा असू शकतो, म्हणून "तुमचा पत्ता" असे न विचारता "पेटी कुठे पोचवायची" असे विचारा. आपल्या देशात पिनकोड 15 ऑगस्ट 1972 पासून सुरू झाला. त्याच्या सहा आकड्यांत बरीच माहिती असते. पहिल्या तीन आकड्यांवरून टपालाचा विभाग कळतो. 411 पाहिले की पुणे, 422 पाहिले की नाशिक, 440 म्हणजे नागपूर. एवढ्यावरून गाडीभाडे किती आणि पेटी किती दिवसांत पोचेल याचा अंदाज बांधता येतो. पूर्ण पत्ता मागणी पक्की झाल्यावर घ्यावा, चौकशीला त्याची गरज नाही.

4) काय आणि किती हवे. येथे लिहायला लावू नका, निवडायला द्या. एक डझन, दोन डझन, पाच डझन. त्याखाली फळाचे वजन: 200 ते 250 ग्रॅम, 250 ते 300 ग्रॅम, 300 ग्रॅमच्या वर. नुसते "मोठे आंबे" असे लिहून आले तर तुमचे मोठे आणि त्याचे मोठे यांत फरक पडतो आणि मग तक्रार होते.

5) केव्हापर्यंत हवे. हा रकाना सगळ्यांत महत्त्वाचा. त्याचे कारण पुढे सांगतो.

6) आणखी काही विचारायचे आहे का? हा रकाना ऐच्छिक ठेवा. काही लोकांना दोन शब्द बोलायचे असतात, त्यांना जागा हवी. ई-मेल पत्ताही ऐच्छिकच ठेवा.

आधार क्रमांक, जन्मतारीख, बँकेचे खाते यांतले काहीही मागू नका. आंबे विकायला त्यांची गरज नाही आणि असे काही विचारले की शहाणे गिऱ्हाईक तिथूनच परत फिरते.

"केव्हा हवे" हे का विचारायचे?

फळ चौदा आणे तयार झाले की आपण देठासह उतरवतो आणि आढीत घालतो. हवामानाप्रमाणे पिकायला साधारण आठ ते बारा दिवस लागतात. म्हणजे अक्षय्य तृतीयेला ताटात आंबा हवा असेल तर तो झाडावरून कधी उतरवायचा हे मागे मोजत यावे लागते. समजा, प्रवासाला दोन दिवस आणि आढीला दहा दिवस. तर निदान बारा दिवस आधी फळ उतरले पाहिजे आणि त्याच्याही आधी मागणी पक्की झाली पाहिजे. हा हिशेब गिऱ्हाइकाला ठाऊक नसतो. तो चार दिवस आधी पेटी मागतो, मिळाली नाही की नाराज होतो.

यावर उपाय सोपा. अर्जाच्या वरच एक ओळ छापा: "सणासाठी किंवा कार्यासाठी आंबे हवे असल्यास कृपया पंधरा दिवस आधी कळवावे. घाई केल्यास कच्चे फळ येईल, ते घरी पिकवावे लागेल." या एका ओळीने निम्मे गैरसमज टळतात. शिवाय तारखांची यादी हातात असली की कोणत्या आठवड्यात किती फळ उतरवायचे याचा अंदाज येतो. म्हणजे हा अर्ज नुसता विक्रीचा नाही, तोडणीच्या नियोजनाचाही आहे.

अर्जाच्या शेजारी काय लिहावे?

गिऱ्हाईक अर्जाशी येते तेव्हा त्याच्या मनात तीन शंका असतात. आंबा खरा हापूस आहे का? औषध घालून पिकवला आहे का? आणि पैसे बुडणार तर नाहीत ना? या शंकांची उत्तरे अर्जाच्या शेजारीच द्या.

पहिली शंका. हापूसला 2018 साली भौगोलिक मानांकन मिळाले. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांतल्या हापूसला ते लागू आहे. ज्यांनी अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी केली आहे, त्यांनी तसे स्पष्ट लिहावे. ज्यांनी केलेली नाही, त्यांनी आपले गाव आणि तालुका लिहावा आणि नोंदणीच्या मागे लागावे. नसलेली नोंदणी आहे म्हणू नये.

दुसरी शंका. कॅल्शियम कार्बाइडने फळ पिकवायला आपल्या देशात कायद्याने बंदी आहे. "आमचे फळ गवताच्या आढीत पिकते" असे लिहा आणि आढीचा खरा फोटो लावा. स्वतःच्या बागेचा साधा फोटो दुसऱ्याच्या देखण्या फोटोपेक्षा जास्त काम करतो.

आणखी एक प्रामाणिकपणा ठेवावा. हापूसमध्ये कधी कधी साका निघतो. वरून फळ सुरेख दिसते, कापल्यावर आत पांढरट निघते. बाहेरून ते ओळखता येत नाही. साका निघाला तर तुम्ही काय करणार, म्हणजे बदली फळ देणार की पैसे वळते करणार, हे आधीच लिहून ठेवा. तिसऱ्या शंकेलाही त्यात निम्मे उत्तर मिळते. उरलेले निम्मे असे की गटाचा पत्ता आणि फोन अर्जाखाली ठळक छापा. ज्याचा ठावठिकाणा कळत नाही त्याला कुणी पैसे पाठवीत नाही.

अर्ज भरल्यावर काय घडावे?

बटण दाबल्यावर पडदा कोरा राहिला तर गिऱ्हाइकाला वाटते की गेलाच नाही. मग ते तीन-तीनदा भरते, नाहीतर सोडून देते. म्हणून लगेच असा मजकूर दिसला पाहिजे:

"आपली चौकशी मिळाली. आम्ही दिवसा बागेत असतो. उद्या रात्री आठपर्यंत आपल्याला फोन किंवा संदेश येईल."

वेळ सांगितली की ती पाळायची. नुसते "लवकरच संपर्क साधू" असे लिहू नका. लवकर म्हणजे केव्हा, हे कुणालाच ठाऊक नसते.

चौकशी कुणाच्या हातात पडते?

वर सांगितलेल्या गटाची चूक इथेच झाली. म्हणून गटात एक माणूस नेमा. तो शिकलेला मुलगा असेल, एखाद्या घरची सून असेल. तिने सकाळी चहाच्या वेळी आणि रात्री जेवणानंतर, असे दोनदा आलेले अर्ज पाहायचे. ती परगावी गेली तर तिच्या जागी कोण, हेही ठरवून ठेवा. पुढील चार गोष्टी तिला लिहूनच द्या.

- चौकशा ज्या ई-मेलवर येतात तो गटाच्या नावाचा असावा. त्याचा पासवर्ड गटातल्या दोघांकडे तरी असावा, वेबसाइट करणाऱ्याकडे एकट्याकडे नको.
- ई-मेलमधला स्पॅमचा कप्पा रोज उघडून पाहावा. खऱ्या चौकशा पुष्कळदा तिथे जाऊन पडतात.
- दर रविवारी स्वतःच एक अर्ज भरून पाहावा. पोचतो का? किती वेळात? पंप सुरू करण्याआधी आपण फुटव्हॉल्व्ह पाहतो, तसेच हे.
- वेबसाइटचे नाव मुदतीसाठी घेतलेले असते, ते नूतनीकरण करावे लागते. मुदत ऐन एप्रिलात संपत नाही ना, हे डिसेंबरातच पाहावे.

ज्यांची वेबसाइट नाही त्यांनी निराश होऊ नये. गुगल फॉर्म विनामूल्य बनवता येतो. भरलेली माहिती एका तक्त्यात आपोआप उतरते आणि नवीन अर्ज आला की ई-मेल यावा अशी सोय त्यात सुरू करता येते. त्याचा दुवा व्हॉट्सअॅपवर पाठवा, पेटीवर त्याचा क्यूआर कोड छापा. यंदाच्या पेटीवरचा कोड पुढच्या वर्षीची चौकशी आणतो.

उत्तर कसे द्यावे?

उत्तरात दर, वाहतूक खर्च, तारीख आणि पुढे काय करायचे, या चार गोष्टी एकाच वेळी सांगाव्यात. नुसते "दर कळवतो" म्हणून दुसऱ्यांदा वाट बघायला लावू नये. नमुना असा:

"नमस्कार. आपण पुण्यासाठी 250 ते 300 ग्रॅमच्या फळांची दोन डझनांची पेटी विचारली आहे. दर डझनाला अमुक रुपये, वाहतूक अमुक रुपये, एकूण अमुक रुपये. पेटी आपल्याला अमुक तारखेपर्यंत पोचेल. फळ पोचल्यावर दोन-तीन दिवसांत खाण्याजोगे होईल. हवी असल्यास पूर्ण पत्ता कळवावा."

माल शिल्लक नसेल तर तेही सांगा. "यंदाचा माल संपला, पुढच्या फेब्रुवारीत कळवू का?" असे विचारा. नकारालासुद्धा उत्तर मिळाले की माणूस लक्षात ठेवतो. परदेशी पेटी पाठवा म्हणून कुणी विचारील, त्याला उगाच होकार देऊ नका. परदेशी फळ पाठवायला वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र लागते. अमेरिकेसाठी तर मान्यताप्राप्त केंद्रात विकिरण प्रक्रिया करावी लागते. ते काम निर्यातदाराचे. "भारतातल्या आपल्या नातेवाइकांकडे मात्र आम्ही पोचवू" असे कळवा.

फसवणुकीपासून सावध

दार उघडे ठेवले की गिऱ्हाईक येते, तसा भामटाही येतो. त्याची पद्धत बहुधा ठरलेली असते. अर्जात एकदम मोठी मागणी, भावाची घासाघीस नाही, "मी फौजेत आहे" असे सांगणे आणि लगेच "पैसे पाठवतो, हा कोड स्कॅन करा, पिन टाका." मंडळी, हे एक वाक्य घरातल्या प्रत्येकाला पाठ करून द्या: पैसे घेण्यासाठी पिन कधीच लागत नाही. पिन टाकला की पैसे आपल्याच खात्यातून जातात. "पैसे पाठवले" असा त्याचा संदेश किंवा फोटो पाहून माल सोडू नका, आपल्या खात्यात रक्कम जमा झाली का ते पाहा. तरीही फसवणूक झालीच तर लाजू नका, वेळ घालवू नका. लगेच 1930 या क्रमांकावर तक्रार करा आणि बँकेला कळवा. जितके लवकर कळवाल तितकी रक्कम अडवली जाण्याची शक्यता जास्त.

यंत्राने भरलेले भलतेसलते अर्जही येतात. त्यासाठी "मी यंत्र नाही" अशी खूण करायची चौकट अर्जाला जोडून घ्यावी.

गिऱ्हाइकाची माहिती ही ठेव आहे

लोक आपले नाव, फोन विश्वासाने देतात. ती यादी दुसऱ्या कुणाला देऊ नका, विकू तर मुळीच नका. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा आपल्या देशात 2023 साली झाला. त्याचे सार आपल्यापुरते असे की माहिती संमतीने घ्यावी आणि ज्या कामासाठी घेतली त्याच कामासाठी वापरावी. अर्जाखाली एक चौकट ठेवा: "पुढील हंगामात मला कळवावे." ज्याने खूण केली त्यालाच कळवा. ज्याने "माझे नाव काढा" म्हटले त्याचे काढून टाका.

हिशेब ठेवा

एक साधी वही करा. पाच रकाने: तारीख, नाव व गाव, उत्तर केव्हा दिले, पेटी घेतली का, नसेल तर कारण. समजा हंगामात 40 चौकशा आल्या आणि 12 जणांनी पेटी घेतली, म्हणजे दहांतून तीन. उरलेल्यांचे कारण वहीत पाहा. "वाहतूक महाग" असे वारंवार दिसले तर एका गावच्या पेट्या एकत्र पाठवण्याचा विचार करा. "उत्तर उशिरा" असे दिसले तर दोष आपला, तो आपणच काढू शकतो. भाव बाजाराच्या हातात असतो, पाऊस आभाळाच्या हातात असतो. वेळेवर उत्तर देणे मात्र आपल्याच हातात आहे.

त्या गटाचे पुढे काय झाले, असे तुम्ही विचाराल. जूनमध्ये त्यांनी ती ई-मेल पेटी आपल्या ताब्यात घेतली आणि प्रत्येक चौकशीला उत्तर पाठवले: "उशीर झाला, क्षमा असावी. आंबे संपले. पुढच्या हंगामात आपल्याला आधी कळवू." काहींनी उत्तर दिले नाही. काहींनी दिले. पुढच्या हंगामाची पहिली पेटी त्यांतल्याच एका घरी गेली.

ध्यानात ठेवा

1) अर्ज लहान, सहा रकान्यांचा.
2) "केव्हा हवे" हे विचारायचेच.
3) चौकशी पाहणारा एक माणूस, त्याला एक बदली.
4) दिवसातून दोनदा पाहणे, स्पॅमच्या कप्प्यासह.
5) एका दिवसात उत्तर: दर, वाहतूक, तारीख, पुढची पायरी.
6) पैसे घेताना पिन नाही.
7) दर रविवारी स्वतः अर्ज भरून तपासणी.

कलमांची रोपवाटिका, गूळ, बेदाणा, काजूगर, कोकम असा कोणताही माल थेट विकणाऱ्यांना हेच नियम थोड्या फरकाने लागू पडतात. हे पत्रक घरातल्या शिकलेल्या मुला-मुलींच्या हाती द्या आणि त्यांच्याबरोबर बसून वाचा. शेतीविषयी काही अडचण असल्यास तालुका कृषी अधिकारी कार्यालयात या, किंवा किसान कॉल सेंटरच्या 1800-180-1551 या क्रमांकावर विनामूल्य विचारा.

आणि हो, हे वाचून झाल्यावर पहिले काम एकच. तुमच्या वेबसाइटवरचा अर्ज आजच स्वतः भरून पाहा. तो कुठे जाऊन पडतो ते शोधा. नमस्कार.